शामराव कपाची पन्नासावी पट्टी

रायपुरात आज शामराव कपाचं नाव काढलं तर तरुण पोरांपैकी शंभरात एकालाही ते ठाऊक नसेल, आणि त्यात पोरांचा काही दोष नाही. जी स्पर्धा तेवीस वर्षांत एकदाही झाली नाही, ती त्यांनी पाहावी तरी कुठून? पण ज्यांनी पाहिली आहे त्यांच्यापुढे हे नाव काढून बघा. हातातला चहा थंड होईल, पण माणूस बोलायचा थांबणार नाही. हरिदास मेश्राम मात्र या विषयावर तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचे, आणि अर्धा कप तर त्यांच्याच घरात होता.

अर्धा म्हणजे खरोखरच अर्धा. ही भानगड आधी सांगायला हवी.

शामराव हे मूळचे वर्ध्याकडचे, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. एकावन्न साली त्यांनी फुटबॉलची स्पर्धा भरवली आणि तिच्यासाठी एक देखणा कप करवून आणला. पहिल्याच फायनलला दोन्ही संघांची अशी जुंपली की कप कोणी घरी न्यायचा यावरून चार सदरे फाटले. शामराव भांडणात पडले नाहीत. ते घरी गेले, पेचकस घेऊन आले, आणि कप त्याच्या लाकडी बैठकीपासून सोडवून म्हणाले, जिंकला त्यानं कप न्यावा, हरला त्यानं बैठक न्यावी, आता पुढच्या वर्षी दोघांनाही यावंच लागेल. कपाचा तळ निमुळता होता. बैठकीवाचून तो उभा राहत नसे, नुसता आडवा पडे.

वर त्यांनी आणखी एक अट घातली. बैठकीभोवती पितळेच्या पन्नास पट्ट्या होत्या, एकेका वर्षासाठी एक. जिंकणाऱ्याचं नाव त्या वर्षीच्या पट्टीवर हरणाऱ्यानं कोरून आणायचं. स्वतःचं नाव कोरून घ्यायला काय लागतं, असं त्यांचं म्हणणं. हरलेल्या कप्तानानं वर्षभरात कधीतरी बैठक बगलेत मारून सदर बाजारात जायचं, कारागिरासमोर बसायचं आणि ज्यांनी आपल्याला हरवलं त्यांचं नाव आपल्याच तोंडानं सांगायचं. नाव कोरलेली बैठक आली की मगच नवी स्पर्धा सुरू. अठ्ठेचाळीस कप्तानांनी हे निमूटपणे केलं. शिव्या दिल्या असतील, पण केलं.

एकोणपन्नासावी पाळी हरिदासांची.

नव्व्याण्णवच्या नोव्हेंबरात स्टेशन पारा मोहल्ल्याचा संघ आणि तरुण संघ यांच्यात फायनल झाली. हरिदास दिवसा रेल्वेच्या शेडमध्ये फिटर आणि संध्याकाळी स्टेशन पाराचे बचावातले स्टॉपर, वर कप्तान. तरुण संघाचे कप्तान यशवंतराव खानझोडे, सिंचन खात्यात बाबू. शेवटच्या पाच मिनिटांत कॉर्नर आला, गर्दीत यशवंतराव उडाले आणि चेंडू जाळ्यात गेला. सगळ्यांनी हेडर पाहिला. हरिदासांनी हात पाहिला. रेफ्रीनं काहीच पाहिलं नसावं, कारण तो शिट्टी वाजवून सरळ मध्याकडे धावला.

त्या हाताची हकीकत हरिदासांनी पुढे वर्षभर शेडमध्ये, पानठेल्यावर आणि जेवताना सांगितली. बैठक जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटावर टाकली होती. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत दसरा आला. खरं सांगायचं तर त्यांना जायचंच नव्हतं. हातानं मारलेल्या गोलाचं नाव मी काहून कोरू, हा त्यांचा सवाल होता, आणि तो ते फक्त स्वतःलाच विचारत.

दोन हजार सालच्या ऑक्टोबरात सेक्रेटरी नरहर मास्तरांच्या ओसरीवर कमिटी बसली. नवं राज्य होणार, आपलं रायपूर राजधानी होणार, म्हणून सगळे खुशीत. राजधानीचा पहिला कप, पन्नासावं वर्ष, पहिली मॅच दिवाळीच्या आठव्या दिवशी. मास्तरांनी विचारलं, "हरिदास, बैठक झाली का तयार?"

हरिदास म्हणाले, "नत्थू बिमार पडून आहे मास्तर. एक महिना द्या."

नत्थू म्हणजे सदर बाजारातला कारागीर. तो ठणठणीत होता. हरिदासांनी त्याला आयुष्यात पहिल्यांदा आजारी पाडलं होतं, तेही खोटंच. समोर यशवंतराव बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि रजिस्टरात ठराव लिहून घेतला, की स्पर्धा एक महिना पुढे ढकलण्यात येत आहे.

त्या एका महिन्यात काय झालं ते रायपुरातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. नव्या राजधानीला कचेऱ्या हव्या होत्या, कचेऱ्यांना जागा हवी होती, आणि स्पर्धेचं मैदान तेवढं रिकामं होतं. डिसेंबरात मंडळी चुन्याच्या रेघा मारायला गेली तेव्हा पेनल्टी एरियात गिट्टीचा ढीग आणि सेंटरला तंबू. यंदापुरतंच आहे, असं सांगण्यात आलं. पुढच्या वर्षी भिंत आली. दुसरं मैदान शोधायला तिघांची समिती नेमली, ती दोनदा बसली. मग राज्याचा कारभार शहराबाहेर वसवलेल्या नव्या रायपुरात गेला, त्याच्यामागे खेळणारे बाबूही गेले, आणि नरहर मास्तर वारले.

नोव्हेंबरात खेळलो असतो तर? हा प्रश्न हरिदासांनी तेवीस वर्षं एकट्यानं वागवला. त्या आठवड्यात मैदान मोकळं होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मैदानावर स्पर्धा चालू असती, हजार माणसं बसलेली असती, तर गिट्टीचा ट्रक आत घालायची कोणाची छाती झाली असती? कदाचित झालीही असती. सरकारचे ट्रक काय, कुठेही जातात. पण हरिदासांच्या मनाला ही पळवाट कधी पटली नाही. शामराव कप आपण मारला, असंच त्यांना वाटे. बायकोलाही, कलावतीलाही, त्यांनी हे कधी सांगितलं नाही.

राग तर दुसऱ्याच वर्षी ओसरला होता. मग तेव्हा तरी नाव कोरून का आणलं नाही? एकदा बैठक घेऊन ते निघालेही, आणि शारदा चौकातून परत फिरले. नाव कोरलं की ते वर्ष संपलं, आणि पुढचं येणार नव्हतं. पट्टी कोरी होती तोवर काहीतरी बाकी होतं. नोव्हेंबर लागला की ते बैठक खाली काढत, पितळ चिंचेनं घासत आणि पुन्हा वर ठेवत. संध्याकाळी मैदानाच्या भिंतीबाहेरच्या कडुलिंबापर्यंत फिरून येत. त्या कडुलिंबापासून बावीस पावलांवर कॉर्नरचा झेंडा असे. लिंबू-साखरेच्या पाण्याचा ठेला, झाडावर चढून बसलेले लोक, आपल्या नावानं उठणारी आरोळी, सगळं त्यांना त्या भिंतीतून ऐकू येई. पन्नाशी गेली, साठी गेली, गुडघे गेले, तरी फायनलची ओढ काही गेली नाही. हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती, लोक हसले असते.

आणि मग या जानेवारीत फोन आला.

नव्या रायपुरात खेळांचं एक दालन उघडत होतं. तिथल्या शर्मिष्ठा मॅडम बोलत होत्या. आवाजावरून पोरगी तरुण, मराठी समजत असावी, पण उत्तरं हिंदीत. "अंकल, कप खानझोडे सर के पास है और स्टैंड आपके पास, सही है ना? हमको दोनों साथ में चाहिए, काँच के अंदर रखेंगे. फॉर्म पर दोनों के साइन लगेंगे. सर तो शुक्रवार को हमेशा के लिए हैदराबाद जा रहे हैं, बेटे के पास."

हरिदासांनी हव म्हटलं आणि फोन ठेवला. शुक्रवार म्हणजे परवा.

"देऊन टाका बाप्पा," कलावती म्हणाली. "दरसाल घासून राहिले, ठेवून राहिले. तिथी लोक तरी पाहतीन."

द्यायला त्यांची ना नव्हती. पण कोरी पट्टी घेऊन काचेत कसं जायचं? आणि यशवंतराव निघून गेले तर जे सांगायचं ते कोणाला सांगायचं? आता फक्त दोन दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी बैठक पिशवीत घातली आणि सदर बाजार गाठला.

नत्थू अजून होता. ऐंशीच्या घरातला, जाड भिंगाचा चष्मा, पण हात दगडासारखा स्थिर. त्यानं बैठक ओळखली, मांडीवर घेतली आणि बोटानं पट्ट्या मोजत शेवटाकडे आला.

"नाव सांग."

"तरुण संघ. एकोणीसशे नव्व्याण्णव." हरिदासांनी एका दमात सांगितलं.

नत्थूनं छिन्नी उचलली. अर्धं नाव कोरून झाल्यावर तो मान वर न करता म्हणाला, "तूनं मले बिमार पाडलं होतं ना रे त्या साली?"

हरिदासांनी विचारलं, "तुमाले कोणं सांगतलं?"

"खानझोडे बाबू आले होते. मीटिंगच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणे नत्थू, तबियत कैसी है. मी म्हटलं, एकदम फस्ट क्लास. तर हसले, आन् चालले गेले."

म्हणजे यशवंतरावांना ठाऊक होतं. मॅच सुरू व्हायला तीन आठवडे असतानाच ठाऊक होतं. मग त्यांनी कमिटीसमोर तोंड का उघडलं नाही? एका शब्दानं सगळं उलटलं असतं, बैठक दोन दिवसांत कोरून झाली असती आणि स्पर्धा वेळेवर लागली असती. हरिदास दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. नत्थूनं कोरलेल्या अक्षरांवरून फडकं फिरवलं आणि बैठक त्यांच्या हातात दिली.

"आणखी एक पट्टी कोरी आहे," तो म्हणाला. "तिचं काय?"

हरिदासांनी बैठक पिशवीत घातली.

चौबे कॉलोनीतल्या खानझोड्यांच्या घरी खोक्यांचा डोंगर होता. यशवंतरावांच्या पत्नी मंदाकिनीबाईंनी दार उघडलं, एक खुर्ची मोकळी करून दिली आणि कपबशा खोक्यात गेल्यात म्हणून चहा स्टीलच्या गिलासात आणला. यशवंतराव आतून आले. केस पांढरे, चाल अजून कप्तानाची.

मैदानावर हे दोघे एकमेकांना अरे-तुरे करत आणि बरंच काही बोलत. मैदानाबाहेर मात्र कायम तुम्ही. तेवीस वर्षांत लग्नाकार्यात चार-दोनदा भेटले असतील, तेही हवापाण्यावर बोलून निघाले.

"बसा हरिदासभाऊ. मॅडमचा फोन आला होता. फॉर्म पाठवला त्यायनं."

हरिदास बसले नाहीत. बसलो तर बोलणं राहून जाईल, अशी त्यांना भीती वाटत होती. त्यांनी पिशवीतून बैठक काढली आणि टेबलावर ठेवली.

"तुमचं नाव कोरून आणलं यशवंतराव. आज. तेवीस वर्षं लेट झालो. नत्थू बिमार नव्हता. मी झूट बोललो होतो. तो महिना मी नसता मागतला तर कप झाला असता. मी बंद पाडला शामरावचा कप."

मंदाकिनीबाई दारात थांबल्या होत्या, त्या हळूच आत गेल्या.

यशवंतराव बराच वेळ पट्टीवरचं नाव वाचत होते. नाव दोनच शब्दांचं, पण त्यांना वाचायला वेळ लागला. मग ते खुर्चीत टेकले.

"मले मालूम होतं," ते म्हणाले.

"नत्थूनं सांगतलं आज मले. मग तुमी बोलले काहून नाई?"

"कसा बोलू? मले तर तू महिना मागतला तेच पाहिजे होतं." यशवंतराव तुम्हीवरून तूवर केव्हा आले ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. "पद्मिनीले पाहायले पाहुणे येणार होते अमरावतीचे. माझी लहान बहीण, तिचं जमून नव्हतं राहिलं. आई म्हणे, शोकेसमधी कप असला म्हणजे घराची शोभा दिसते. स्पर्धा सुरू झाली असती तर कप परत द्या लागला असता. पाहुणे नोव्हेंबरच्या शेवटी येणार होते. मी विचार केला, एका महिन्यानं काय होते?"

हरिदासांनी विचारलं, "मग? पसंत पडली त्यायले?"

"नाई पडली. कप मात्र लई आवडला."

हरिदास हसले. हसू यायला नको होतं, पण आलं, आणि त्याच्या मागोमाग डोळेही भरून आले. तेवीस वर्षं ज्याच्यापुढे अपराधी वाटलं तो माणूसही तेच ओझं घेऊन बसला होता, चार किलोमीटरवर, दुसऱ्या अर्ध्या कपाशेजारी.

"म्हणजे तूही कधी कोणाले सांगतलं नाई," हरिदास म्हणाले.

"कोणाले सांगू? मलेही वाटे, मीच मारला."

यशवंतरावांनी कोपऱ्यातलं एक खोकं उघडलं. वर एक जुनं रजिस्टर होतं, नरहर मास्तरांनी जाण्याआधी त्यांच्याकडे सोपवलेलं. त्याखाली मऊ धोतरात गुंडाळलेला कप. त्यांनी तो दोन्ही हातांनी काढला आणि बैठकीवर धरला. हरिदासांनी खिशातून पेचकस काढला. फिटरचा हात तो, घरून निघताना पेचकस आपोआप खिशात गेला होता. चार स्क्रू बसले. कप उभा राहिला.

दोघेही त्याच्याकडे बघत राहिले. पंख्याच्या वाऱ्यानं खोक्यांवरचे कागद फडफडत होते. हरिदासांना वाटलं, आता कोणीतरी शिट्टी वाजवेल, आणि आपल्याला हे गुडघे घेऊनच धावत सुटावं लागेल. धावलोही असतो, असं त्यांना वाटलं.

यशवंतरावांचं बोट पट्ट्यांवरून फिरत एकावन्नपासून नव्व्याण्णवपर्यंत आलं, आपल्या संघाच्या नावावर क्षणभर थांबलं आणि पुढच्या कोऱ्या पट्टीवर सरकलं. तिथून त्यांनी ते उचललंच नाही.

"फॉर्म पाहू," हरिदास म्हणाले. ते द्यायला आले होते. सांगायचं ते सांगून झालं होतं, आता सही करायची आणि मोकळं व्हायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

यशवंतरावांनी चष्मा लावला. आयुष्यभर सरकारी कागद वाचलेला माणूस, पहिल्या ओळीलाच अडला. "हे पाह्य. बंद हो चुकी प्रतियोगिता की सामग्री. बंद हो चुकी. कोणं केली बंद?"

"म्हणजे?"

"ठराव कुठी आहे? स्पर्धा बंद करायले कमिटीचा ठराव लागते." त्यांनी रजिस्टर उघडलं, शेवटचं लिहिलेलं पान काढलं आणि हरिदासांसमोर धरलं. त्यांचंच वळणदार अक्षर होतं, शाई तांबूस झालेली. "वाच. श्री. हरिदास मेश्राम यांच्या विनंतीवरून स्पर्धा एक महिना पुढे ढकलण्यात येत आहे. खाली नरहर मास्तरची सही. यानंतर एक अक्षर नाई. कागदावर हा कप बंद नाई, गड्या. पुढं ढकललेला आहे."

"यशवंत, तू उद्या हैदराबादले चालला."

"चाललो तं काय झालं? कप्तान कुठीही राहू शकते, अटीत काई लिवलं नाई." त्यांचा आवाज बाबूचा होता, पण डोळ्यांत पाणी होतं. "खोट्या कागदावर मी कधी सही केली नाई. आताही नाई करत."

हरिदासांनी फॉर्मकडे पाहिलं, मग कपाकडे. नव्या रायपुरात काच असेल, वर दिवा असेल, सगळं नीटनेटकं असेल. खाली पाटी असेल, एकोणीसशे एकावन्न ते एकोणीसशे नव्व्याण्णव. शाळेतली पोरं रांगेनं येतील आणि पाटी वाचून पुढे जातील. पाटीवरचा तो दुसरा आकडा त्यांना सोसवेना. त्यांनी पेचकस उचलला.

"मी पकडतो," यशवंतराव म्हणाले आणि त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला. हरिदासांनी एकेक स्क्रू सोडवला. कप पुन्हा धोतरात गेला, पण खोक्यात नाही. यशवंतरावांनी तो गाडीत मांडीवर घ्यायच्या पिशवीत ठेवला, आणि मंदाकिनीबाई बघत राहिल्या, कारण त्या पिशवीत त्यांनी प्रवासाचे पराठे ठेवायचं ठरवलं होतं.

फाटकाशी हरिदास थांबले. "एक विचारू? तो हात होता का?"

"फायनलच्या दिवशी सांगतो," यशवंतराव म्हणाले, आणि त्यांनी फाटकाची कडी बराच वेळ लावली नाही.

मॅडमना काय सांगायचं, याचा विचार करत हरिदास चालत घरी आले. वाटेत कडुलिंबापाशी जरा थांबले. घरी येऊन त्यांनी पिशवीतून बैठक काढली, लुगड्यात गुंडाळली, स्टुलावर चढून कपाटावर तिच्या जागी ठेवली. कलावती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि बघतच राहिली.

"काहून? दिलं नाई का?"

"नाई," हरिदास म्हणाले. "एक महिना पुढं ढकललं."